स्वच्छ पाण्यात मासा का मरतो?

हौसेने घरी आणलेला गोल्डफिश महिनाभरही जगला नाही, असा अनुभव अनेकांना येतो. मुले हळहळतात, नवा मासा आणला जातो, तोही मरतो. शेवटी ‘हे मासे नाजूकच असतात’ असा निष्कर्ष निघतो. वस्तुतः गोल्डफिश हा चिवट मासा आहे. चीनमध्ये हजाराहून अधिक वर्षे तो पाळला जात आहे. नीट निगा राखल्यास तो दहा-वीस वर्षे जगू शकतो. इंग्लंडमधला ‘टिश’ नावाचा गोल्डफिश १९९९ साली मेला तेव्हा तो ४३ वर्षांचा होता.

मग आपल्याकडचा मासा इतक्या लवकर का मरतो? अस्वच्छतेमुळे, असे पटकन वाटते. पण दर रविवारी भांडे घासून लख्ख करणाऱ्या घरांतही मासे मरतात. पुष्कळदा तर भांडे घासल्यानंतरच्या दोन-चार दिवसांतच मरतात. याचे उत्तर शोधताना आपल्याला उत्सर्जन, श्वसन, नत्रचक्र आणि थोडी भूमिती यांची मदत घ्यावी लागेल. हे सारे शाळेच्या अभ्यासक्रमातलेच आहे.

कल्ल्यांतून बाहेर पडणारे विष

अन्नातील प्रथिने वापरली गेली की शरीरात अमोनिया तयार होतो. तो विषारी असल्याने आपले यकृत त्याचे युरियात रूपांतर करते. माशाला एवढा खटाटोप करावा लागत नाही. त्याच्या भोवती पाणीच पाणी असते, त्यामुळे तो बहुतेक अमोनिया कल्ल्यांवाटे थेट पाण्यात सोडतो. तळ्यात हा अमोनिया पातळ होऊन जातो. काचेच्या भांड्यात मात्र तो साचत राहतो.

किती साचतो, याचा अंदाज घेऊ. समजा, आपण भांड्यात एकूण १ ग्रॅम खाद्य टाकले आणि त्यात ४० टक्के प्रथिने आहेत. प्रथिनांमध्ये सुमारे १६ टक्के नायट्रोजन असतो. म्हणजे १ ग्रॅम खाद्यात ६४ मिलिग्रॅम नायट्रोजन झाला. त्यातला निम्मा जरी अमोनियाच्या रूपाने १० लिटर पाण्यात उतरला, तर लिटरमागे ३.२ मिलिग्रॅम होतो.

यातला सगळाच सारखा घातक नसतो. पाण्यात अमोनियाची दोन रूपे असतात: अमोनियम आयन आणि मोकळा अमोनिया. खरा विषारी तो मोकळा अमोनिया. २५ अंश सेल्सियस तापमानाला पाण्याचा सामू ७ असेल, तर एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का मोकळ्या रूपात असतो. सामू ८ झाला की हे प्रमाण पाच टक्क्यांच्या वर जाते. वरच्या उदाहरणात ते लिटरमागे ०.१७ मिलिग्रॅम होईल. कल्ल्यांना इजा करायला एवढे पुरेसे आहे.

न दिसणारे मदतनीस

इथे जीवाणूंचा संबंध येतो. एक प्रकारचे जीवाणू अमोनियाचे नायट्राईट करतात, तर दुसरे नायट्राईटचे नायट्रेट करतात. नायट्राईटही घातकच, ते रक्तातील हिमोग्लोबिन निकामी करते. नायट्रेट मात्र बरेच निरुपद्रवी असते आणि वनस्पती ते शोषून घेतात.

या शोधाच्या इतिहासात एका घरातल्या दोन पिढ्या आहेत. लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी सुमारे ५५ लिटरच्या काचपात्रात दोन गोल्डफिश, व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती आणि गोगलगाई एकत्र ठेवल्या. पाणी न बदलताही हे जीव एकमेकांच्या आधारे जगतात, असे त्यांनी १८५० साली मांडले. त्यांचा मुलगा, त्याचेही नाव रॉबर्टच, पुढे रोथॅमस्टेड येथील शेती संशोधन केंद्रात मातीतील नायट्रेट कसे बनते याचा अभ्यास करू लागला. ही क्रिया दोन टप्प्यांत होते आणि दोन्ही टप्प्यांचे जीवाणू वेगळे असतात, असे त्याने दाखवून दिले. ते जीवाणू वेगळे करून वाढवण्यात १८९० च्या सुमारास विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाला यश आले. दोन्ही टप्पे एकटाच पार पाडणारा जीवाणूही असतो, हे मात्र २०१५ साली कळले.

आपल्या दृष्टीने महत्त्वाच्या गोष्टी दोन. पहिली, हे जीवाणू मुख्यतः पाण्यात तरंगत नाहीत. खडी, काच, गाळणीचा स्पंज यांना चिकटून राहतात. दुसरी, ते फार सावकाश वाढतात. नव्या पेटीत त्यांची पुरेशी वस्ती व्हायला चार ते सहा आठवडे लागतात.

आता रविवारच्या साफसफाईकडे पाहा. खडी साबणाने धुतली, काच घासली, सगळे पाणी फेकले. भांडे लख्ख झाले, पण अमोनिया हटवणारी वस्तीही गेली. त्यात नळाचे पाणी थेट ओतले, तर क्लोरीनने कल्ले पोळतात आणि उरलेसुरले जीवाणूही मरतात. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन राहावा, असे आपले भारतीय मानक सांगते. आपल्याला जे संरक्षण, तेच माशाला विष!

गोल भांड्याची भूमिती

हवेच्या तुलनेत पाण्यात ऑक्सिजन मुळातच फार कमी असतो. २० अंशांना लिटरमागे फार तर ९.१ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना ७.५ मिलिग्रॅम. म्हणजे उन्हाळ्यात माशाची गरज वाढते, तेव्हाच साठा घटतो. हा साठा भरून येतो तो पाण्याच्या पृष्ठभागातून.

१२ सेंटिमीटर त्रिज्येचे गोल भांडे घ्या. ते निम्मे भरले, तर पाणी ३.६ लिटर आणि पृष्ठभाग ४५२ चौरस सेंटिमीटर. तेच ६ सेंटिमीटर त्रिज्येच्या तोंडापर्यंत भरले, तर पाणी ७.१ लिटर, पण पृष्ठभाग अवघा ११३ चौरस सेंटिमीटर. पाणी जवळजवळ दुप्पट झाले आणि हवेची खिडकी एक चतुर्थांश! मासा वर येऊन तोंड उघडझाप करू लागला, तर तो खेळत नसून गुदमरत असण्याची शक्यता अधिक. अमोनियाने किंवा नायट्राईटने त्रस्त झालेला मासाही असेच करतो.

भूक की सवय?

आपण जवळ गेलो की मासा काचेपाशी धावत येतो. मुलांना वाटते, त्याला भूक लागली. खरे तर ‘माणूस दिसला की खाद्य मिळते’ एवढे तो शिकलेला असतो. घरातल्या चौघांनी चार वेळा चिमूटचिमूट टाकले, की न खाल्लेले अन्न तळाशी कुजते आणि पुन्हा अमोनियाच होतो. दोन मिनिटांत संपेल इतकेच खाद्य, दिवसातून एक-दोनदा, पुरे. ते टाकण्याचे काम एकाकडेच असावे.

काय करावे?

• एका गोल्डफिशला निदान ४०-५० लिटरची आयताकृती पेटी द्यावी.

• सगळे पाणी कधीच बदलू नये. आठवड्याला पाव ते एक तृतीयांश बदलावे.

• नवे पाणी रुंद तोंडाच्या भांड्यात दिवसभर उघडे ठेवावे, म्हणजे क्लोरीन उडून जातो आणि तापमानही जुळते. घाई असल्यास प्रयोगशाळेतील हायपो (सोडियम थायोसल्फेट) १० लिटरला ०.१ ग्रॅम पुरते.

• स्पंज पेटीतून काढलेल्या पाण्यातच खळबळून घ्यावा. साबण वापरू नये.

• शाळेला सुट्टी लागताना खाद्याची मूठ टाकून जाऊ नये. मोठा, निरोगी गोल्डफिश आठवडाभर उपाशी राहू शकतो. मुठीने मात्र तो मरेल. सुट्टी मोठी असेल, तर कोणाकडे तरी जबाबदारी सोपवावी.

वर्गात करून पाहा

या प्रयोगात मासा वापरायचा नाही. दोन रुंद भांड्यांत क्लोरीन गेलेले १-१ लिटर पाणी घ्या. प्रत्येकात १० मिलिग्रॅम नवसागर (अमोनियम क्लोराईड) विरघळवा. पहिल्यात जुन्या पेटीतली मूठभर खडी टाका. दुसऱ्यात तेवढीच खडी उकळून, गार करून टाका. माशांच्या दुकानात मिळणाऱ्या चाचणी संचाने दर दोन दिवसांनी अमोनिया मोजा आणि आलेख काढा. कोणत्या भांड्यातला अमोनिया आधी घटतो? उकळलेल्या खडीच्या भांड्यातही काही आठवड्यांनी तो घटू लागला, तर हे जीवाणू आले कोठून? विद्यार्थ्यांना विचारा आणि त्यांची उत्तरे फळ्यावर लिहून ठेवा.