छायाचित्राला मनाई, चित्राला मुभा

युक्रेनमधल्या युद्धाइतकं चित्रित झालेलं युद्ध आजवर क्वचितच झालं असेल. 24 फेब्रुवारी 2022 च्या पहाटेपासून ते लोकांच्या मोबाइलमध्ये, ड्रोनमध्ये, सैनिकांच्या हेल्मेटवरच्या कॅमेऱ्यांत नोंदलं जातंय आणि जग ते जेवता जेवता पाहतंय. मग अशा युद्धात कुंचला घेऊन बसलेल्या माणसाने करायचं तरी काय? प्रश्न बहुतेक वेळा कुत्सितपणे विचारला जातो, पण तो रास्त आहे. 2013 च्या अखेरीपासूनच्या बारा वर्षांत युक्रेनी चित्रकारांनी, विशेषतः लेस्या खोमेन्को यांनी, जे काम केलं ते सलग पाहिलं की त्याचं उत्तर हाती लागतं. कॅमेरा जिथे पोहोचत नाही, किंवा त्याला पोहोचू देणं जिवावर बेतू शकतं, ती जागा चित्राने घेतली. किती दाखवायचं यापेक्षा काय राखून ठेवायचं, हा या चित्रकारांपुढचा खरा प्रश्न होता.

खोमेन्को यांचा जन्म 1980 चा, कीव्हचा. 2004 च्या नारिंगी क्रांतीत तरुण कलावंतांचा जो गट रस्त्यावर उतरला, त्यात त्या होत्या. 2013-14 च्या हिवाळ्यात कीव्हच्या मैदान चौकात सरकारविरोधी आंदोलक ठिय्या देऊन बसले, तेव्हा त्या तिथे व्यक्तिचित्रं काढत होत्या. पद्धत साधी होती. कागदाखाली कार्बन पेपर ठेवायचा, समोरच्याचा चेहरा काढायचा, मूळ चित्र त्याच्या हाती द्यायचं आणि स्वतःकडे फक्त कार्बनची प्रत ठेवायची. वरवर पाहता ही प्रेमळ भेट वाटते. पण त्या दिवसांत चेहऱ्याची नोंद होणं म्हणजे काय, हे आंदोलकांना पुरतं ठाऊक होतं. जानेवारी 2014 मध्ये पोलिसांशी झालेल्या चकमकींच्या आसपास असलेल्यांच्या मोबाइलवर ‘दंगलीत सहभागी म्हणून तुमची नोंद झाली आहे’ अशा अर्थाचा संदेश येऊन थडकला होता. सत्ता माणसांची नोंद घेत होती ती त्यांच्या नकळत. इथे मात्र माणूस राजीखुशीने समोर बसे आणि आपला चेहरा आपल्याबरोबर घेऊन जाई. पुढे युद्धात या पद्धतीला किती अर्थ येणार आहे, याची तेव्हा कुणाला कल्पना नसावी.

त्याच वर्षी पूर्वेकडे डोनबासमध्ये लढाई पेटली आणि अनेक कुटुंबांच्या मधोमध रेघ ओढली गेली. चित्रकार आलेव्हतिना काखिद्झे कीव्हजवळच्या मुझिची गावात राहतात. त्यांची आई डोनेत्स्क भागातल्या झ्दानिव्का या रशियासमर्थक बंडखोरांच्या ताब्यात गेलेल्या गावी राहिली, घर आणि बाग सोडायला तयार नव्हती. बालवाडीतल्या मुलांनी तिला ‘क्लुब्निका आंद्रेयेव्हना’, म्हणजे स्ट्रॉबेरीबाई, असं नाव ठेवलं होतं. मायलेकींचा संबंध उरला फोनपुरता, आणि काही काळ तर गावात फोनला रेंज मिळे ती फक्त स्मशानात. काखिद्झे यांनी हे संभाषण रेखाटनांत आणि हाताने लिहिलेल्या ओळींत उतरवलं. रेषा मुलाच्या वहीतल्यासारखी, मजकूर भाजीपाला, पेन्शन, तोफा यांची सरमिसळ. दृश्य डोळ्यांनी पाहिलेलं नाही, कानांनी ऐकलेलं आहे, हे त्या कधी लपवत नाहीत. जानेवारी 2019 मध्ये पेन्शनसाठी ताबारेषा ओलांडताना तपासणी नाक्यावर आईचा मृत्यू झाला. त्या ओळखीच्या, रोजच्या हालअपेष्टांचं छायाचित्र कुठल्या वार्ताहराने काढलं असतं?

2022 च्या रशियन आक्रमणानंतर खोमेन्को मुलीसह कीव्ह सोडून पश्चिमेकडच्या इव्हानो-फ्रान्किव्स्क शहरात गेल्या. पती माक्स सैन्यात दाखल झाला. तेव्हा 18 ते 60 वयाच्या बहुतेक पुरुषांना देश सोडायला बंदी होती, त्यामुळे विस्थापनाची वाटणी कायद्यानेच झाली: बायका-मुलं निघाली, पुरुष मागे राहिले. ‘माक्स सैन्यात’ हे चित्र याच ताटातुटीतून आलं. पूर्णाकृती, मोठ्या कॅनव्हासवर, सलाम ठोकणारा माणूस. पण अंगावर गणवेश नाही, रोजचेच कपडे. सलामातही अजून सराव दिसत नाही. पुढे त्याच्या साथीदारांचीही अशी चित्रं झाली. सैनिकांचे फोटो प्रसिद्ध करणं धोक्याचं होतं. मागची भिंत, खिडकी, झाड एवढ्यावरूनही ठिकाण शोधता येतं आणि तिथे क्षेपणास्त्र पडतं. सैन्याच्या हालचाली व ठिकाणं उघड करणं त्याच वर्षी मार्च महिन्यात फौजदारी गुन्हा ठरलं. चित्रात मात्र माणूस ठेवून जागा पुसता येते. एरवी चित्रकाराचं स्वातंत्र्य म्हणून जे मिरवलं जातं, ते इथे संरक्षणाचं साधन झालं. एप्रिलमध्ये व्हेनिसच्या द्वैवार्षिकाच्या काळात कीव्हच्या पिंचुक आर्ट सेंटरने भरवलेल्या प्रदर्शनात हे चित्र जगाने पाहिलं.

यावर पहिला आक्षेप असा, की छायाचित्रणाचं मोल यात उगाच कमी केलं जातंय. तसं नाही. मारिउपोलच्या प्रसूतिगृहावरच्या हल्ल्यानंतरचं दृश्य पत्रकार मस्तिस्लाव चेर्नोव्ह आणि येव्हगेनी मालोलेत्का यांनी चित्रित केलं नसतं, तर तो हल्ला झालाच नाही असं छातीठोकपणे सांगितलं गेलं असतं. चित्रण असूनही रशियन दूतावासाने त्यातल्या जखमी गर्भवतीला नटी ठरवण्याचा उद्योग केलाच. पुरावा देणं हे कॅमेऱ्याचं काम आहे, आणि तिथे चित्र लुडबुड करायला गेलं तर हसू होईल. पण साऱ्याच गोष्टी पुराव्याच्या नसतात. कालपर्यंत वेगळं काही करणारा नवरा आज सैनिक झाला, हे न्यायालयात सिद्ध करायचं नसतं.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे: उभा सैनिक, सलाम, भव्य आकार. हा सोव्हिएत समाजवादी वास्तववादच नाही का, फक्त झेंडा बदलून? खोमेन्को यांचं आधीचं काम ठाऊक असेल तर हा आरोप टिकत नाही. ती सोव्हिएत वीरमूर्तीची भाषा त्या वर्षानुवर्षं उकलून, उलटीपालटी करून पाहत आल्या होत्या. त्या भाषेत नायक आधीच तयार असतो. माक्स तयार नाही. तरी एक गोष्ट मान्य करायला हवी. व्हेनिसच्या त्या प्रदर्शनाचं नावच जेव्हा ‘स्वातंत्र्याचं रक्षण’ असं असतं, तेव्हा भिंतीवरचं चित्र घोषणेच्या रांगेत उभं राहतंच, चित्रकाराची इच्छा असो वा नसो.

पुढे खोमेन्को अमेरिकेत गेल्या आणि चित्रं बदलली. आता त्यात ड्रोनमधून दिसणारी माणसं, ठिपक्यांत विरघळलेले चेहरे, उष्णतेवरून टिपलेल्या आकृत्या येऊ लागल्या. ‘सुरक्षित बसून युद्ध रंगवणं सोपं’ हे शेरे इथूनच सुरू झाले. मला उलट वाटतं. पडद्यावर पाहिलेलं पडद्यासारखंच रंगवणं हा प्रामाणिकपणा आहे. खंदकातल्या चिखलाचा आव त्यांनी आणला असता, तर ती फसवणूक झाली असती. हा पडदा म्हणजे काखिद्झे यांच्या फोनचाच पुढचा भाग. लाखो विस्थापितांना आपलं घर, आपली गल्ली आज अशीच दिसते, वरून आणि अस्पष्ट.

मात्र अंतर हाच विषय झाला म्हणून जवळून काढलेलं काम त्याच्याशी तोलून टाकता येत नाही. क्रिवी रिह या शहरातली चित्रकार मार्गारिता पोलोव्हिन्को आधी स्वयंसेवक म्हणून जखमींना हलवत होती, मग सैन्यात गेली आणि 2025 मध्ये आघाडीवर मारली गेली. तिची रेखाटनं बॉलपेनची आहेत, काही स्वतःच्या रक्तातली. तिशीतल्या मुलीचा तो हात थरकाप उडवतो, आणि खोमेन्को यांच्या मोठ्या, विचारपूर्वक रचलेल्या कॅनव्हाससमोर ही छोटी चित्रं ठेवली तर दोन्हींवर अन्याय होण्याची भीती आहे. पाश्चात्त्य संग्रहालयं हल्ली ‘युक्रेनी युद्धकला’ अशा एकाच पाटीखाली सारं गोळा करतात. चित्र कोणत्या शहरात, कुठल्या साली काढलं, समोर माणूस होता की फोन की पडदा, एवढं तरी प्रत्येक चित्राखाली लिहिलेलं हवं.