विसरणाऱ्या बापाचा अंगठा

महालात, गांधी गेटपासून जवळच एका बोळीत दोन खोल्यांचे घर आहे. घरमालक म्हातारबाबा एम्प्रेस मिलचे जुने कामगार. मिल 2002 साली बंद पडली, पण बाबांच्या डोक्यातला भोंगा अजून वाजतो. परवा आम्ही गेलो तर त्यांनी दोनदा विचारले, "तुम्ही कोण?" आणि मग म्हणाले, "पाळी सुरू झाली का?"

त्याच रात्री त्यांचा धाकटा मुलगा आमच्या ओट्यावर आला. हातात कागद. "भाऊ, बाबाचं मृत्युपत्र करून घेतलं. चालते ना?" सगळे घर धाकट्याला. थोरल्या भावाचा आणि दोघी बहिणींचा उल्लेखही नाही. खाली बाबांचा अंगठा. एक साक्षीदार धाकट्याचा दोस्त. दुसऱ्याची सही दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी जाऊन घेतलेली.

आम्ही वकील नव्हे, कारकून आहोत. पण एवढे सांगता आले की, हा कागद टिकणे कठीण.

1925 च्या भारतीय वारसा कायद्याचे कलम 59 सांगते की, मृत्युपत्र करणारा सज्ञान आणि शुद्धीवरचा हवा. डॉक्टरने 'डिमेन्शिया' लिहिले म्हणजे त्या दिवसापासून माणसाचा हक्क संपला, असे मात्र नाही. ज्याचे मन एरवी ठिकाणावर नसते, तोही मधल्या भानाच्या काळात मृत्युपत्र करू शकतो, असे कायदाच म्हणतो. प्रश्न असतो अंगठा लावला त्या घडीचा. या कलमाखाली एक उदाहरण दिले आहे, ते आमच्या वाचकांनी नीट ध्यानात ठेवावे. माणसाला आजूबाजूचे दिसते, नेहमीच्या प्रश्नांना तो उत्तरेही देतो. पण आपली मालमत्ता काय, आपले रक्ताचे कोण, कुणाला देणे योग्य, हे त्याला उमजत नसेल तर त्याला मृत्युपत्र करता येत नाही. "बाबा चहा मागतात, मला नावाने हाक मारतात," एवढ्याने भागत नाही ते यामुळे.

दुसरी गोष्ट साक्षीदारांची. कलम 63 प्रमाणे किमान दोन साक्षीदार लागतात. प्रत्येकाने अंगठा लावताना पाहिलेला हवा, नाहीतर करणाऱ्याने स्वतः त्याच्यापाशी तशी कबुली दिलेली हवी. आणि साक्षीदाराने सही करायची ती करणाऱ्याच्या समोर. जानकी नारायण भोईर विरुद्ध नारायण नामदेव कदम या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे एकच साक्षीदार तपासला गेला होता आणि त्याला दुसऱ्याच्या सहीबद्दल सांगता आले नाही. मृत्युपत्र शाबीत झाले नाही. इथे तर दुसऱ्याची सही बाबांच्या माघारीच झालेली!

शिवाय ज्याला सगळे मिळते त्यानेच पुढाकार घेऊन कागद करवला, आणि करणारा दुबळ्या मनाचा, तर न्यायालय संशयानेच पाहते. तो संशय फेडण्याचा भार कागद पुढे करणाऱ्यावर, हे सर्वोच्च न्यायालयाने 1959 सालीच व्यंकटचल अय्यंगार खटल्यात सांगून ठेवले आहे.

"मग मुखत्यारपत्र करू का?" धाकट्याने विचारले. हा गैरसमज आमच्या वस्त्यांत फार. मुखत्यारपत्र देणाऱ्याची समज गेली की ते संपते. ज्याला समज नाही, त्याने दिलेले तर मुळातच कुचकामी. बक्षीसपत्राचे तेच, घर ट्रस्टच्या नावे करण्याचेही तेच. फार अडलेच तर उच्च न्यायालयाकडून पालक नेमून घ्यावा लागतो. कोमात गेलेल्या नवऱ्यासाठी बायकोला मुंबई उच्च न्यायालयाने 2020 साली तसे नेमले होते. पण ती वाट खर्चाची.

खरे तर विसरणे नुकते सुरू झाले, तेव्हाच हे करायला हवे होते. साधा कागद चालतो, मुद्रांक लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. पण केलेली बरी. त्या दिवशीच मेयो किंवा मेडिकलच्या मनोविकार विभागातून तपासणीचा दाखला घ्यावा. साक्षीदार वयाने लहान आणि घराबाहेरचे असावेत, उद्या न्यायालयात उभे राहतील असे. कुणाला कमी दिले तर का, तेही करणाऱ्याच्याच शब्दांत लिहावे. मुलगा त्या वेळी खोलीबाहेर बसलेला बरा.

मृत्युपत्र नसेल तर 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने, जो आपल्या बौद्धांनाही लागू आहे, बापाच्या मागे पत्नी, मुलगे, मुली यांना सारखा वाटा मिळतो. बाबांची कारभारीण कधीच गेली. म्हणजे चार वाटे.

धाकटा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "भाऊ, हागणंमुतणं मी आणि माझी बायकोच काढतो. पाच वर्षं झाली. ते कोणत्या कलमात येते?"

याला आमच्यापाशी उत्तर नव्हते. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने आईबापांच्या पोषणाची जबाबदारी मुलामुलींवर, सगळ्यांवर टाकली आहे, एवढे सांगितले. बहिणी दिवाळीला येतात, भाऊ पिंपरीला. भावाला फोन आम्ही लावून दिला. येत्या रविवारी चौघे बसणार आहेत. आधी औषधाचा आणि रात्रीच्या जागरणाचा हिशेब, मग घराचा, असे ठरले आहे. तो कागद धाकट्याने आमच्याकडेच ठेवला आहे.