अब्बांच्या संगणकाची केबल

भाईजानचा सांगलीहून फोन आला. "अब्बांचा जुना संगणक भंगारात देतोय. सुरू व्हायलाच वीस मिनिटं घेतो. दुकानात विचारलं, तर म्हणाले हार्ड डिस्क संपली. फॉरमॅट मारून बघतो, नाही तर वजनावर घालतो."

"भाईजान, रविवारपर्यंत थांबा," मी म्हटले. "मी साताऱ्याहून येते. तोवर कुणाला हात लावू देऊ नका."

खणभागात अब्बांचे डीटीपीचे लहानसे दुकान होते. निकाहच्या पत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, मय्यतीच्या बातमीची पत्रके असली कामे चालत. मराठीसाठी श्रीलिपी आणि उर्दूसाठी इनपेज. श्रीलिपीचे लॉक प्रिंटरच्या रुंद पोर्टला लावायचे, आणि तसले पोर्ट नव्या संगणकांना नसते. त्यामुळे दुकानात नवा संगणक आला तरी विंडोज एक्सपीवर चालणारे हे धूड टेबलाखाली राहिले. त्यातच अब्बांनी घराण्याचा शजरा टाइप करून ठेवला होता. म्हाताऱ्या नातलगांना विचारून विचारून जमवलेली नावे. सांगणाऱ्यांपैकी आता जवळजवळ कोणी उरलेले नाही आणि शजऱ्याची दुसरी प्रत कुठेच नव्हती.

संगणक मंदावला तो महापुरानंतर. साताऱ्याकडे पाऊस धरला की आमच्याकडून सांगलीला फोन सुरू होतात. माहुलीवरून जाणारी कृष्णा कराडला कोयनेला मिळते आणि पुढे सांगलीला येते. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. अब्बांनी घाईघाईत संगणक उघडून, डिस्क आणि डबा वेगवेगळे करून दुसऱ्या मजल्यावर नेले. डिस्क कोरडी राहिली. पाणी ओसरल्यावर शेजारच्या एका पोराने हाताला लागेल ती केबल लावून तो जोडून दिला. तेव्हापासून तो रांगायला लागला. "माझ्यासारखाच म्हातारा झालाय," असे अब्बा म्हणायचे. दोन वर्षांनी त्यांचा इंतिकाल झाला.

रविवारी पेठनाक्यावरून सांगलीला पोहोचले. मी काही इंजिनिअर नाही. शाळेच्या संगणक कक्षातली जुनी यंत्रे वर्षानुवर्षे सांभाळत आले, एवढाच अनुभव. त्या अनुभवाने एक सवय लावली आहे. डिस्क मंद झाली की दुरुस्ती नंतर, आधी प्रत. बरेच जण उलटे करतात. पहिल्याच झटक्याला डीफ्रॅग लावतात किंवा चेक डिस्क. डिस्क खरोखर आजारी असेल, तर एवढ्या धावपळीत ती कायमची बसू शकते. फॉरमॅटचा सल्ला तर मला आजवर कळलेलाच नाही. जे वाचवायचे तेच आधी पुसायचे!

डिस्कला कान लावला. टकटक नाही, खरखर नाही, एकसारखी घरघर. अम्मी दारात तसबीह घेऊन उभी होती. म्हणाली, "डॉक्टरासारखी काय ऐकतेस?" आधी शजऱ्याचा फोल्डर पेन ड्राइव्हवर घेतला, मग पत्रिकांचे. सगळे मिळून जेमतेम सहा जीबी, पण त्याला पाऊण तासाहून जास्त वेळ लागला. तेवढ्यात जेवणे उरकली.

मग डिस्कची तब्येत दाखवणारा क्रिस्टलडिस्कइन्फो हा छोटा प्रोग्रॅम लावला. प्रत्येक डिस्क स्वतःच्या चुकांची वही आतल्या आत लिहीत असते, ती हा प्रोग्रॅम वाचून दाखवतो. त्यातल्या तीन नोंदी बघायच्या. खराब म्हणून बदललेले सेक्टर किती, संशयित सेक्टर किती आणि सीआरसी चुका किती. पहिल्या दोन वाढत असतील तर दोष तबकड्यांत आहे, मग डिस्कचा निरोप घ्यायची तयारी करावी. आमच्याकडे त्या दोन्ही शून्य होत्या. सीआरसीचा आकडा मात्र शेकड्यांत! डिस्कमधून माहिती बरोबर निघते, पण वाटेत बिघडते, असा याचा अर्थ. आणि वाट म्हणजे केबल.

एवढ्याशा केबलने वीस मिनिटे कशी लागतात, हे भाईजानना पटेना. त्यांना वलिम्याचे उदाहरण दिले. आचाऱ्याने देगेपाशी बसायचे आणि वाढप्यांनी ताटे दस्तरखानावर न्यायची, ही झाली डीएमए पद्धत. डिस्क माहिती थेट मेमरीत पोहोचवते, प्रोसेसर आपल्या कामाला मोकळा राहतो. पण प्रत्येक ताट आचाऱ्यानेच उचलून न्यायचे ठरले तर? ती पीआयओ पद्धत. डिस्क जुनीच, प्रोसेसर जुनाच, पण सगळे खोळंबते. डीएमएत वारंवार चुका झाल्या की एक्सपी त्या मोजत जाते. एकूण सहा झाल्या की वेगाची एक पायरी उतरते, आणि चुका होतच राहिल्या तर उतरत उतरत पीआयओवर येऊन बसते. तिथून ती आपणहून परत चढत नाही. बिघाड नंतर दूर झाला तरीही नाही!

ही पायरी तपासता येते. माय कॉम्प्युटरवर राइट क्लिक करून मॅनेज, त्यात डिव्हाइस मॅनेजर, मग आयडीई कंट्रोलर, प्रायमरी आयडीई चॅनेल आणि शेवटी अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्ज. तिथे 'पीआयओ मोड' असे लिहिलेले होते. ज्यांच्याकडे अजून विंडोज ९८ आहे, त्यांनी डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्कच्या सेटिंग्जमधली डीएमएची चौकट बघावी. पुष्कळदा ती रिकामीच असते.

वीज बंद करून, वायर काढून डबा उघडला. धूळ अशी की अम्मीने आधी झाडणीच आणून दिली. पोराने लावलेली केबल जाड पट्ट्यांची, ४० तारांची निघाली, आणि दुमडून डब्याच्या कडेत चेपलेली. अशा केबलवर सेकंदाला ३३ एमबीच्या पुढे जाताच येत नाही, आणि ही तर चेपलेली. या डिस्कला ८० बारीक तारांची केबल लागते. दोन्हींची टोके ४० टाचण्यांचीच असल्यामुळे फसगत होते. ८० तारांच्या केबलचे निळे टोक मदरबोर्डला, दुसऱ्या टोकाचे काळे मुख्य डिस्कला आणि मधले करडे दुसरी डिस्क असेल तर तिला. तशी केबल गावातल्या एका दुरुस्तीवाल्याच्या भंगाराच्या खोक्यात सापडली. त्याने पैसेही घेतले नाहीत.

केबल बदलली, संगणक लावला, आणि वेग तोच! भाईजान माझ्याकडे बघायला लागले. पण एक्सपी पायरी विसरलेली नव्हती. डिव्हाइस मॅनेजरमधले ते प्रायमरी चॅनेल अनइन्स्टॉल केले आणि संगणक पुन्हा सुरू केला. एक्सपीने चॅनेल नव्याने शोधले, आणखी एकदा रिस्टार्ट मागितला, आणि मोडच्या जागी 'अल्ट्रा डीएमए मोड ५' दिसले. सुरू व्हायला मिनिटभर. तेच सहा जीबी पुन्हा उतरवून पाहिले, पाच मिनिटांत झाले.

एक काम मात्र बाकी होते. पेन ड्राइव्हवरचा शजरा नव्या संगणकावर उघडला तर अक्षरांऐवजी निरर्थक चिन्हे. जुन्या श्रीलिपी फॉन्टमध्ये मराठी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असतात, फॉन्ट नसला की मजकूर मुका होतो. म्हणून जुन्याच संगणकावर पीडीएफचा प्रिंटर टाकला आणि शजरा फॉन्टसकट पीडीएफमध्ये उतरवला. दोन प्रती कागदावरही काढल्या, एक सांगलीला, एक साताऱ्याला.

अम्मीने कागद चष्म्याजवळ धरून नावांवरून बोट फिरवले. एका नावापाशी थांबली आणि म्हणाली, "हे चुकलंय. तिला एक धाकटी बहीण होती, लहानपणीच गेली." भाईजाननी खुर्ची ओढली, फाइल उघडली आणि विचारले, "नाव काय होतं, अम्मी?"