चित्र दाखवणे आणि चित्र सांभाळणे

श्रोतेहो, संगणकाच्या पडद्यावर चित्र उमटते कसे आणि टिकते कसे, या विषयावर आमच्यासारख्या कामगार कार्यकर्त्याने बोलावे याचे काहींना नवल वाटेल. आमचे शिक्षण शाळेत थोडे झाले; बाकीचे मालवणच्या बंदरावर, सभांत आणि उसन्या पुस्तकांतून झाले. परंतु ज्या गोष्टीपायी कष्टकऱ्याचा दिवस बुडतो ती समजून घेणे हे संघटनेचे कामच आहे, मग ती गोष्ट जाळ्याची असो की यंत्राची.

हकीकत अशी. आमच्या कचेरीत सभासदांची नोंद ठेवण्यासाठी एका होतकरू तरुणाने संगणकाची आज्ञावली लिहून दिली. नाव घातले की माहिती आणि फोटो समोर यावा, अशी योजना होती. 2008 साली मुंबईवर हल्ला झाल्यापासून समुद्रावर जाणाऱ्याच्या ओळखपत्राला किती महत्त्व आले हे किनाऱ्यावरच्या माणसाला सांगायला नको. एके सकाळी एक खलाशी आला. त्याचे नाव घातले. माहिती आली, पण फोटोच्या जागी कोरा चौकोन! ‘दादा, माजो फोटो खंय गेलो?’ असे त्याने विचारले. फोटो हरवला, नवा काढून आण, असे आम्ही बेधडक सांगून टाकले. त्याची त्या दिवसाची फेरी बुडाली. नवा फोटो घातला, तर तोही कोरा. मग दुसऱ्यांची नावे घालून पाहिली. सगळेच कोरे! तेव्हा कळले की दोष फोटोंचा नव्हे, आमचा आहे.

ही आज्ञावली पायथॉन भाषेत होती आणि तिच्या खिडक्या, बटणे, पाट्या ‘टीके’ नावाच्या साधनसंचाने काढलेल्या होत्या. अमेरिकेतील बर्कले विद्यापीठात प्राध्यापक असताना जॉन ऑस्टरहाउट यांनी 1988 च्या सुमारास ‘टिकल’ ही लहानशी भाषा रचली आणि पुढे तिच्या जोडीला टीके तयार केले. पायथॉनवाले तेच टीके आजही वापरतात.

टीकेमध्ये चित्र आणि चित्राची जागा या दोन वेगळ्या वस्तू आहेत. सगळा विषय या एका वाक्यात आहे. कुडाळजवळच्या पिंगुळीचे चित्रकथी आपण पाहिले असतील. त्यांची चित्रे पोथीत असतात. कथेत प्रसंग येईल तसे त्यातले एकेक चित्र समोर ठेवले जाते. चित्र पोथीचे, समोरची जागा केवळ दाखवण्याची. टीकेतही तसेच. ‘इमेज क्रिएट फोटो’ अशी आज्ञा देऊन चित्र तयार करायचे, त्याला नाव द्यायचे, आणि पाटीला किंवा बटणाला एवढेच सांगायचे की अमुक नावाचे चित्र दाखव. एकच चित्र दहा ठिकाणी दाखवता येते, आणि मूळ चित्रात बदल केला की दहाही ठिकाणी तो आपोआप दिसतो. टीकेत चित्रांच्या मूळ जाती दोन: ‘बिटमॅप’, म्हणजे दोनच रंगांची साधी आकृती, आणि ‘फोटो’, म्हणजे पूर्ण रंगांचे चित्र.

मग फोटो गेले कुठे? तरुणाने आज्ञावली नीटनेटकी करावी म्हणून फोटोचे काम एका स्वतंत्र फंक्शनमध्ये, म्हणजे नेमून दिलेल्या आज्ञांच्या गटात, टाकले होते. पायथॉनचा नियम असा की फंक्शन संपले की त्याच्या आतली नावे पुसली जातात, आणि ज्या वस्तूला कोणतेच नाव उरले नाही ती केरात जाते. जाताना ती वस्तू टीकेला सांगून जाते, ‘माझे चित्र पुसून टाका.’ टीके ते पुसते. पाटी मात्र आपली लांबीरुंदी राखून कोरीच उभी राहते. पाटी चित्र दाखवीत होती, म्हणून ते तिच्या भरवशावर जिवंत राहील, असा तरुणाचा समज होता. तो खोटा ठरला. उपाय एका ओळीचा: चित्राचे नाव पाटीपाशीच, किंवा एखाद्या यादीत, जपून ठेवायचे.

उलट टोकालाही जाऊ नये. थेट टिकल भाषेत काम केले तर केलेले चित्र आपण ‘इमेज डिलीट’ म्हणेपर्यंत किंवा आज्ञावली बंद होईपर्यंत स्मृतीत बसून राहते. जागा किती अडते याचा हिशेब करू. मोबाइलवर काढलेला फोटो समजा 3000 ठिपके रुंद आणि 4000 ठिपके उंच आहे. ठिपके झाले 1 कोटी 20 लाख. फाइल लहान असली तरी टीके दर ठिपक्याला 4 बाइट देते. म्हणजे एका फोटोला 4 कोटी 80 लाख बाइट! असे 300 सभासद एकदम उघडले तर कचेरीतला साधा संगणक गुदमरेलच. म्हणून ‘सबसॅम्पल’ची सोय आहे. दर आठवा ठिपका घेतला की तोच फोटो 375 बाय 500 चा होतो आणि साडेसात लाख बाइटांत मावतो. ही लहान प्रत ठेवावी, मोठी सोडून द्यावी. टीकेला ‘इमेज नेम्स’ विचारले की सगळ्या चित्रांचा हजेरीपट मिळतो. ‘इमेज इनयूज’ विचारले की अमुक चित्र कुठे लावलेले आहे की नाही ते कळते. हजेरी घेतल्यावाचून कोणाचे नाव कापू नये, हा आमच्या संघटनेचा नियम इथेही लागू पडतो.

त्या खलाशाचा बुडालेला रोज संघटनेने भरून दिला. शिवाय कचेरीत एक नियम केला. पडद्यावर फोटो दिसला नाही, तर माणसाला परत पाठवण्याआधी ती फाइल दुसऱ्या साधनात उघडून पाहायची. श्रोतेहो, आपणही कुठल्या खिडकीपाशी उभे असाल आणि ‘तुमचे संगणकात काही दिसत नाही’ असे उत्तर मिळाले, तर नम्रपणे पण ठामपणे विचारावे: नोंद नाही, की नुसती दिसत नाही? दोन्हींत फार अंतर आहे.