युरोप ट्रिपमध्ये लिस्बन शेवटी ठेवा!

मित्रमंडळी उन्हाळ्यात युरोपला निघाली असाल, तर शेवटचा मुक्काम लिस्बनला करा. धावपळ करून थकलेल्यांसाठी हे फार गोड शहर आहे, आणि जून-जुलैत रात्री नऊपर्यंत उजेड असतो!

आमचा ग्रुप सगळ्यात जास्त रमला तो शहरातल्या बेलें भागात. तिथल्या जेरोनिमुश मठाच्या चर्चमध्ये दाराजवळच वास्को द गामाची कबर आहे. हात जोडून पहुडलेली दगडी मूर्ती, खाली कोरलेलं जहाज. १५२४ मध्ये तो कोचीत वारला, अवशेष १५३९ मध्ये पोर्तुगालला नेले. शाळेच्या इतिहासातला माणूस असा समोर आला की आपण थबकतोच.

शेजारीच १८३७ पासून चालू असलेलं पाश्तेल द नाताचं दुकान. पापुद्रे कुरकुरीत, आत अंड्याचं गरम कस्टर्ड. वरून दालचिनी भुरभुरवाच!

नदीवरचा लाल पूलही नीट बघा. १९६६ मध्ये तो हुकूमशहा सालाझारच्या नावाने खुला झाला. २५ एप्रिल १९७४ च्या क्रांतीनंतर त्याला त्या तारखेचं नाव मिळालं. गोवा १९६१ मध्येच मुक्त झाला होता, पण पोर्तुगालने ते मान्य केलं या क्रांतीनंतरच. मला तरी हा पूल गोव्याच्या गोष्टीचाच भाग वाटतो.

फुटपाथचे दगड गुळगुळीत असतात, चांगल्या ग्रिपचे बूट घाला. मठ सोमवारी बंद असतो, परतीचं तिकीट काढताना तेवढं बघा.