विसंगत ड्रायव्हर व सुरू न होणारा संगणक : कारणे आणि दुरुस्तीचा क्रम

प्रस्तावना :
चाकूरसारख्या तालुक्याच्या ठिकाणी महाविद्यालयातील संगणक बंद पडल्यास तंत्रज्ञ तत्काळ मिळेलच असे नाही. अशा वेळी ‘फॉरमॅट’ हा सोपा मार्ग अवलंबिला जातो. त्यात अंतर्गत गुणांच्या नोंदी व संशोधनसामग्री नष्ट होऊ शकते. बिघाडाचे कारण विसंगत ड्रायव्हर असल्यास ही हानी बहुधा टाळता येते.

ड्रायव्हरचे स्थान :
ड्रायव्हर हा कार्यप्रणाली व यंत्रभाग यांमधील दुभाषा होय. अनेक ड्रायव्हर कार्यप्रणालीच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये चालतात. सामान्य प्रोग्राम चुकल्यास तो एकटाच बंद पडतो; गाभ्यातील ड्रायव्हर चुकल्यास विंडोज संपूर्ण यंत्रणाच थांबविते. तो ड्रायव्हर आरंभीच लागणारा असेल, तर संगणक सुरू होण्यापूर्वीच पुनःपुन्हा बंद पडतो.

१९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या अद्ययावतीकरणाने याचा जगभर प्रत्यय दिला. नव्या माहितीफाईलला २१ वे मूल्य अपेक्षित होते. कर्नलमधील ड्रायव्हरकडे मात्र २०च होती. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख संगणक बाधित झाले. भारतातील विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. सदोष फाईल ७८ मिनिटांत मागे घेतली गेली. तथापि बंद पडलेल्या बहुसंख्य संगणकांवर स्वतंत्रपणे काम करावे लागले. उपाय साधा होता : सेफ मोडमध्ये जाऊन ती एक फाईल काढणे.

दुरुस्तीचा क्रम :
१. नव्याने जोडलेली उपकरणे काढून संगणक सुरू करून पाहावा.
२. विंडोजचे चिन्ह दिसताच पॉवर बटण दाबून धरून संगणक बंद करावा. दोन-तीन वेळा असे केल्यास दुरुस्तीचा पडदा येतो.
३. तेथे ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज या क्रमाने जाऊन रीस्टार्ट निवडावे व नंतर ४ ही कळ दाबावी. सेफ मोडमध्ये केवळ अत्यावश्यक ड्रायव्हर चालतात.
४. डिव्हाइस मॅनेजरमध्ये अलीकडे बदललेल्या उपकरणासाठी ‘रोल बॅक ड्रायव्हर’ निवडावे. तो पर्याय निष्क्रिय असल्यास ड्रायव्हर काढून टाकावा.
५. सेफ मोडही न चालल्यास त्याच पडद्यावरील सिस्टीम रिस्टोअर वापरावे. त्याने वैयक्तिक दस्तऐवज पुसले जात नाहीत.

बिटलॉकर कार्यान्वित असल्यास या प्रक्रियेत ४८ अंकी पुनर्प्राप्ती कळ मागितली जाऊ शकते. ती हाती नसेल, तर पुढील मार्ग खुंटतो.

निष्कर्ष :
विसंगत ड्रायव्हरचा दोष यंत्रात नसून जुळणीत असतो. म्हणून प्रत्येक विभागाने बिटलॉकरची कळ कागदावर नोंदवून सुरक्षित ठेवावी, सिस्टीम प्रोटेक्शन चालू ठेवावे, ड्रायव्हर उत्पादकाकडूनच घ्यावा आणि दस्तऐवजांची दुसरी प्रत राखावी. फॉरमॅट हा शेवटचा उपाय होय, पहिला नव्हे.