क्रोटन रुसलाय, मेला नाही

नर्सरीतून रूमवर क्रोटन आणलात आणि आठवड्यात निम्मी पानं गळाली? थांबा, कुंडी लगेच कचऱ्यात टाकू नका. जागा बदलली की क्रोटन पानं टाकतो, स्वभावच आहे त्याचा. नखाने खोड जरासं खरवडून बघा. आत हिरवं दिसलं तर झाड जिवंत आहे. मग त्याला एका जागी राहू द्या, सेल्फीसाठी रोज इकडून तिकडे नको!

मूळचा हा इंडोनेशिया-मलेशिया आणि पॅसिफिक बेटांकडचा, त्यामुळे उजेड भरपूर हवा. अंधाऱ्या कोपऱ्यात लाल-पिवळे पट्टे जातात, नवी पानं नुसती हिरवी येतात. पूर्वेची खिडकी बेस्ट. कोकणातली दमट हवा त्याला मानवते. पुण्या-नाशकात थंडी पडायच्या आधी गच्चीतून खिडकीच्या आत घ्या, एकदाच. पाणी वरची माती सुकल्यावर. पानांखाली बारीक जाळी दिसली तर लाल कोळी लागलाय, ओल्या फडक्याने पुसा.

मैत्रिणीला फांदी द्यायचीय? पावसाळ्यात द्या, लवकर मूळ धरते. फक्त छाटताना जपून, हा एरंडाच्या कुळातला. चीक लागला तर खाज सुटू शकते. रूमवर मांजर असेल तर कुंडी उंचावर ठेवा.